न पुसलेलं नाव

३ डिसेंबर, बुधवार

चौदाच्या चौदा रेकॉर्डिंग्ज चढली. शेवटची दुपारी दीडला. करंजाड्याच्या नेटने आज कृपा केली.

चांगुणाआजी, मु. मोरा, धवलारीण (लग्नात धवले गाणारी). वय ऐंशीच्या पुढे ("लिव ना काय पन"). प्रत्येक फाइलला वर्णन, गाण्याचे शब्द, अवघड शब्दांचे अर्थ, शिवाय गाण्यात आलेल्या नावांची सूची. एकोणतीस वर्षं वाचनालयात कार्डं लिहिली, खोड जात नाही. खाली परवाना: कोणीही ऐकावं, उतरवून घ्यावं, हवं तसं वापरावं, फक्त गाणारीचं नाव द्यावं.

अरुंधतीचा पुण्याहून लगेच मेसेज. हा खुल्या संग्रहाचा सगळा उद्योग तिचाच, आम्ही निवृत्त मंडळी तिचे बिनपगारी कारकून. "ताई, नऊ नंबर! काटा आला अंगावर. असं दुसरीकडे कुठेच नाही."

नाहीच आहे. म्हणूनच तर.

वि. म्हणाला, काम संपलं तर चेहरा असा का? नवऱ्याला काय सांगणार. पाठ दुखतेय म्हटलं. दुखतही होती.

५ डिसेंबर, शुक्रवार

नऊ नंबरबद्दल लिहायचं टाळतेय. वहीतही शहाजोगपणाच करायचा तर वही कशाला.

ऑक्टोबर. आजींची ओटी. लग्नात धवलारीण आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, मांडवाखाली या म्हणून. तेवढा भाग आजी गायला तयार नव्हत्या. "लग्नाबिगर नाय गात गो. आनि गाऊ कोनाच्या घरचा? घर लागतं."

मी म्हटलं, खोटी नावं घाला.

"मेल्या मानसाला खोटा नाव?" माझ्याकडे असं बघितलं की पायातली चप्पल घरात घालून आले की काय, असं वाटलं मला.

मग मी माझं ठेवणीतलं काढलं. आजी, तुमच्यानंतर हे कोण गाणार? हे वाक्य मी आजवर बऱ्याच म्हाताऱ्यांवर चालवलंय. लागू पडतं. आजी बराच वेळ बांगडी फिरवत बसल्या, मग म्हणाल्या, "माज्या घरचाच गाते. दुसऱ्याच्या मानसांना उगाच कशाला उठवू."

थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, क्रमाने. सुरू केलं की मधे थांबायचं नाही, थांबलं तर निघालेली माणसं दारातच अडकतात, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. आजेसासरे, सासरे, सासू, दोन दीर, नवरा. आवाज असा चढत गेला की शेजारची कुत्री उठून बसली. मग एक श्वास. आणि सातवं नाव घेतलं. हरेश.

हरेश त्यांचा मुलगा. नऊ वर्षांपूर्वी वादळात बोट गेली. बोट सापडली, बरोबरचे तिघे सापडले, हा नाही. त्या घरात आजवर कोणी 'गेला' म्हटलेलं नाही. सून वनिता कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, हिरव्या बांगड्या भरते. हे सगळं मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी चहा देताना वनितानेच सांगितलं होतं, "प्रणालीचे बाबा अजून आले नायत." सून उरणच्या बाजारात मासळी विकायला गेलेली, म्हणूनच आजी त्या दिवशी गायल्या.

गाणं संपल्यावर आजींनी पाणी मागितलं. प्यायल्या. म्हणाल्या, "ह्या पुसून टाक बाय. सगला."

मी म्हटलं, "पुसते आजी."

आणखीही एक वाक्य बोलल्या, ते लिहवत नाही.

पुसलं नाही. शेवटची बावीस सेकंदं तेवढी कापली, ज्यात त्या पुसायला सांगतात आणि मी हो म्हणते. म्हणजे गाणं ठेवलं आणि माझा शब्द पुसला. मूळ अख्खी फाइल लॅपटॉपवर आहे. मूळ प्रत कधीही पुसायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. नियमाची मी पक्की.

६ डिसेंबर, शनिवार

काल लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

संमतिपत्रावर त्यांची सही आहे. अंगठा नाही, सही. सावकाश केली, 'चां'वरचं टिंब विसरल्या, परत पेन मागून घेऊन ते दिलं. त्या कागदावर 'सर्व रेकॉर्डिंग्ज' असं छापलंय. कागदाप्रमाणे मी बरोबर आहे.

पण कागद गाण्याच्या आधी भरला होता.

१० डिसेंबर, बुधवार

मोऱ्यात कोण बसलंय खुला संग्रह धुंडाळत? ऐकणार कोण, तर विद्यापीठातली चार माणसं आणि परदेशातली दोन. त्यांना हरेश कोण हे काय ठाऊक. त्यांच्या लेखी ते नुसतं सातवं नाव.

ही सबब मला दिवसातून साधारण तीनदा सापडते. दरवेळी नवी असल्यासारखी.

अरुंधती म्हणते फेब्रुवारीत पुण्यात छोटा कार्यक्रम करू, तू नऊ नंबर ऐकवून बोल. बघू म्हटलं. नाही म्हणता आलं असतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

मोऱ्याला जाऊन आले. गाणाऱ्याच्या घरी प्रत पोचवायची हा गटाचा रिवाज. उरणपर्यंत बस, पुढे रिक्षा. पेनड्राइव्हमध्ये तेरा फाइली. मोजूनच भरल्या.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, हे डोक्यातच नव्हतं. वनिताने घट मांडलेला, उद्यापनाला पाच सवाष्णी बोलावलेल्या, चारच आलेल्या. "मॅडम, तुमी बसा ना. देवीनंच धाडलं तुमाला." बसले. तिने हळदकुंकू लावलं, केळं दिलं, वाकून नमस्कार केला. मी अखंड सौभाग्यवती भव म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं. म्हटल्यावर जीभ चावावीशी वाटली.

तिची बातमी: प्रणालीचं ठरलं. मुलगा उरणचाच, बंदरात नोकरीला. वैशाखात लग्न. वनिता हसत होती नुसती. "यांची वाट बघितली असती, पन पोरीचं वय थांबत नाय ना. मांडवात मी बसनार. यांच्या जागेवर सुपारी ठेवून बसनार. तोवर आले तर काय, सुपारी उचलायची."

आजी आत माझ्या हाताला धरून हळूच, "त्या पुसलास ना गो?"

"हो."

ऑक्टोबरात 'पुसते' म्हटलं तेव्हा निदान पुसायचं मनात होतं थोडं. आज तेवढंही नव्हतं. सरळ खोटं, ते ऐंशी वर्षांच्या बाईच्या डोळ्यात बघून, कपाळावर तिच्या सुनेनं लावलेलं कुंकू घेऊन.

निघताना आजींनी सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पिशवी दिली. नको नको म्हटलं, ऐकेनात. वि. ने घरी पिशवी बघून "वा!" म्हटलं. फ्रीजच्या वर ठेवलीय, मला बघवत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

वि. ने स्वतःच सोड्यांची आमटी केली. मी दही-भात खाल्ला. पोट बिघडलंय म्हटलं. ही महिनाभरातली कितवी थाप, मोजणं सोडलं.

२९ डिसेंबर, सोमवार

आज बसले होते काढायला. खरंच. नऊ नंबर उघडलं, 'फाइल मागे घ्या'वर बाण नेला. कारण लिहा असा रकाना येतो. काय लिहू? 'गाणाऱ्या व्यक्तीने मनाई केली होती' लिहिलं की पुढचा प्रश्न अरुंधतीचा: कधी?

बंद केलं. नवीन वर्षात करू.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सोसायटीत तिळगूळ. नवीन वर्ष येऊन दोन आठवडे झाले.

१८ जानेवारी, रविवार

झालं.

अकराच्या सुमारास प्रणालीचा फोन. ही पोरगी कायम हसत बोलते, आज आवाज सपाट. "मॅडम, आज्जीचं गाणं तुम्हीच टाकलंय ना नेटवर?" मग तुकड्यातुकड्यांत कळलं ते असं:

काल तिच्या होणाऱ्या सासूकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. वनिताला मानानं बोलावलेलं, विहीणबाई म्हणून. होणाऱ्या नणंदेनं आजीचं नाव शोधून गाणी काढली होती, कौतुकानं. स्पीकरला लावली, आमच्या वहिनीची आजी बघा. वीसेक बायका. एक गाणं, दोन गाणी, सगळ्या माना डोलावतायत. मग नऊ नंबर.

बायका कोळ्याआगऱ्यांच्याच. हे कुठलं गाणं आहे, कुठल्या माणसांना बोलावतात, प्रत्येकीला माहीत. सहा नावं होईपर्यंत कोणीतरी म्हणालीही, बंद कर गो, हे असं नसतं लावायचं. बंद करीपर्यंत सातवं आलं.

"तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता, मॅडम. आईच्या समोरच उभ्या होत्या. त्यांना कळेना लावू का नको. तशाच उभ्या."

मग?

"मग आईच उठली."

वनिताने काय केलं, घरी कशी आली, आजीला काय म्हणाली, काहीच विचारवलं नाही. प्रणालीने शेवटी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का बाबांचं?" फोन तुटल्यासारखं केलं मी. खरंच केलं. एकसष्ट वर्षांची बाई, हॅलो हॅलो म्हणत फोन ठेवला.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेसातला नऊ नंबर काढून टाकलं. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक' लिहिलं.

मग अरुंधतीला फोन. तिला एवढंच सांगितलं की घरच्यांची हरकत आहे. ती वाईट नाही, लगेच हळहळली. पण म्हणाली, "ताई, आपल्याकडून काढलं, ठीक. पण परवाना मागे घेता येत नाही. ज्यांनी उतरवून घेतलं त्यांचा तो हक्कच आहे." मग शोधून एकेक सांगत गेली. आणखी दोन संग्रहांनी प्रत घेतलीय. एका गायकाने स्वतःच्या पानावर टाकलंय. कोणीतरी व्हिडिओ केलाय, मागे समुद्राचं चित्र. त्यांना विनंती करता येईल. विनंतीच.

"आणि सापडतंय फार सहज. तुमची नावांची सूची इतकी चांगली आहे ना, नुसतं नाव आणि गाव टाकलं तरी पहिलं हेच येतं."

हरेश, मोरा. मीच लिहिलं होतं, अवतरणात, अनुक्रमांक सात. पुढे कंसात 'गायिकेचा पुत्र'. कोणी सांगितलं होतं एवढी माहिती द्यायला?

दिवसभर विनंत्या लिहिल्या. चार. एकाचं उत्तर आलं, फारच सुंदर ठेवा आहे, काढू नका.

२० जानेवारी, मंगळवार

वि. ला सगळं सांगितलं. बावीस सेकंदांसकट. तो ऐकून घेतो, पटकन काही म्हणत नाही, ह्याचा एरवी मला राग येतो. शेवटी म्हणाला, "मला वाटलं होतं तुला सोडे आवडेनासे झाले."

मग म्हणाला, जा तिकडे. फोनवर नको.

मी मांडीवर हात ठेवून रडले. शेवटी त्यानेच भाजी निवडली.

२२ जानेवारी, गुरुवार

मोरा.

वनिता नाही. रविवारीच बहिणीकडे, पनवेलजवळच्या कोन गावी, निघून गेली. भांडली नाही, रडली नाही, बॅग भरली आणि गेली. नऊ वर्षांत सासूला सोडून एक रात्र बाहेर राहिली नव्हती. प्रणाली कामावर. आजी एकट्या ओटीवर, पुढे बोंबील वाळत घातलेले, हातात कावळे हाकायची काठी. मला बघून काठी खाली ठेवली नाही.

मी पायाशी बसले. म्हटलं, आजी, मी पुसलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं.

"ठाव हाय." एवढंच. बराच वेळ कावळे हाकले. शिव्या दिल्या असत्या तर निभावलं असतं.

मग म्हणाल्या ते शब्दशः लिहून ठेवते, विसरायला नको. "मी वनिताला सांगितलाय, तो माजा आवाज नाय. आता मशीनीवर आवाज बनवतात, टीवीवर दाखवतात. त्या मॅडमनी बनवला. माजी गानी घेतली आनि नाव मशीनीन घातला. मी हरेशचा नाव घेतलाच नाय."

काठीनेच माझ्याकडे दाखवलं.

"तू पन तसाच सांग. कोनला जा, नायतर फोन कर. सांग, माज्याकडनं झाला. तू एक डाव माजा ऐकला नायस. आता ऐक."

मी विचारलं, ती मानेल?

"माज्या तोंडून नाय मानत. तू सांगितलास तर मानल. तू शिकलेली हायस." आणि मग एकदम आवाज फुटला त्यांचा, "पोरगी नऊ वर्सं माज्यासाठी थांबली गो. मना वाटायचा तिच्यासाठी आपन थांबलोय."

रिक्षापर्यंत कशी आले आठवत नाही.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला गेले नाही. ताप आहे म्हटलं. (खरं बोलायला कधी सुरुवात करायची ते ठरवलं पाहिजे.)

तीन दिवस एकच विचार. आजींचं ऐकायचं तर मी म्हणायचं की नाव मी घातलं, मशीनने. हे उरणभर होईल, पनवेलला येईल, संग्रहापर्यंत जाईल. अरुंधतीला अंदाज दिला तर ती हादरलीच. "ताई, प्लीज. एक बनावट म्हटलं की सगळ्या चारशे फाइलींवर संशय. बाकीच्या म्हाताऱ्यांनी काय पाप केलंय?" तेही खरंच.

पण आज अंघोळ करताना लक्षात आलं ते वेगळंच. मला आजींची मागणी आवडलीय. मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं त्या ओटीवर. बनावट केली म्हणून बदनाम झाले, तर तो मी न केलेला गुन्हा. त्याची शिक्षा भोगत मी त्यागमूर्ती म्हणून मिरवीन मनातल्या मनात. केलेला गुन्हा, 'पुसते आजी', तो कायमचा झाकला जाईल. कोणाला कळणारच नाही की मला सांगितलं होतं.

किती साळसूद आहे मी. स्वतःचीच किळस आली.

आणि तरीही, वनिताला ते खोटं हवं असेल तर? ती कुंकू लावून परत घरी जाणार असेल, वैशाखात सुपारी ठेवून मांडवात बसणार असेल, तर माझ्या नावाची किंमत ती काय? वि. म्हणतो, तू तिच्या वतीने फार ठरवतेस, आधी आजींच्या वतीने ठरवलंस. बोलला ते बरोबर बोलला. दोन तास बोलले नाही त्याच्याशी.

२८ जानेवारी, बुधवार

वनिताचाच फोन आला. बाजाराच्या वेळेला, मागे ओरडा. तिने हॅलोही म्हटलं नाही.

"मॅडम, रविवारी येते तुमच्याकडं. कोनवरून जवळच हाय. त्यातलं पुढचं ऐकवाल?"

कुठलं पुढचं?

"आमच्या आई गानं संपलं की पानी मागतात. कायम. लग्नातपन, घरातपन, नुसतं गुणगुणल्या तरी. मी नंतर मोबाइलवर परत ऐकलं, त्याच्यात मागत नायत. एकदम बंद होतं." मग, "काय तरी बोलल्या असतील ना पानी पिऊन. ते तुमी काढलंय."

म्हणजे आवाज कोणाचा हा प्रश्न तिला पडलेलाच नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मी इतके दिवस त्यावर रवंथ करत बसले आणि तिने नुसतं मोबाइलवर ऐकून ओळखलं कुठे कात्री लागलीय ते.

हो म्हटलं. ये.

३१ जानेवारी, शनिवार

मूळ फाइल तीनदा ऐकली. ते लिहवलं नव्हतं ते वाक्य आता लिहिते.

"पानी दे गो." पाण्याचा आवाज. "ह्या पुसून टाक बाय. सगला." मी: "पुसते आजी." मग: "मी आय हाय, मना पयल्या दिसापासून ठाव हाय. पन वनिता कुंकू लावतं ना, त्या बघून मी सकाळी उटते. तिच्या कानावर जाऊ नको देऊस."

बावीस सेकंदं. माझा शब्द लपवायचा म्हणून कापली, त्यात हेही कापलं गेलं. सातवं नाव जगभर फिरतंय आणि त्याच्या पुढचं हे एक वाक्य, वनितासाठीचं, माझ्या लॅपटॉपात पडून. मी ठेवायचं ते पुसलं आणि पुसायचं ते ठेवलं.

ऐकवलं तर आजींचं म्हणणं खोटं पडतं, तेही त्यांच्याच आवाजात. 'कानावर जाऊ नको देऊस' हे तिच्या कानावर घालायचं. न ऐकवावं तर तिला मिळालेलं फक्त ते नाव.

सकाळपासून घर आवरतेय. सोफ्याची कव्हरं बदलली, जसं काही पाहुणी येतेय.

१ फेब्रुवारी, रविवार

अकराला आली. एकटी. कपाळावर कुंकू, अगदी बारीक, पूर्वीपेक्षा बारीक वाटलं. की मीच तेवढं बघत होते. वि. ने चहा ठेवला आणि आत जाऊन बसला.

मी सुरुवात केली, "वनिता, ते जे नाव आहे ना त्यात..." कुठलं वाक्य बोलणार होते, आजींचं की माझं, मलाही अजून माहीत नाही.

तिने हात वर केला. "आईंनी काय सांगायला सांगितलंय ते ठाव हाय मला. ते नका सांगू. लावा."

हेडफोन दिले. लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मला काही ऐकू येत नव्हतं, पण पडद्यावरची रेघ दिसत होती, कुठे पाणी, कुठे आजी, कुठे मी. ऐकून झाल्यावर तिने डोळ्यांनीच खूण केली, परत. चारदा ऐकलं. चहावर साय आली.

हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली.

"पुसते म्हनलेला आवाज तुमचा ना?"

"हो."

"मग?"

मी म्हटलं, "मग पुसलं नाही. मला ते हवं होतं." ह्यापेक्षा चांगलं वाक्य सुचलं नाही. माफ कर म्हणायचं राहिलंच. तिने मान हलवली, भाव पटला नाही की बाजारात हलवतात तशी.

स्वतःशीच बोलल्यासारखी, "रोज सकाळी मी लावते तेव्हा बघत बसतात. मला वाटायचं माजी कीव करतात." मग पदराने डोळे पुसले आणि एकदम कामाचं बोलली. प्रणालीच्या लग्नात धवले गाणार त्या आजीच, दुसरी कोणी नको. "नावं घेताना सहावर थांबतात का सातवं घेतात, ते त्यांचं त्या बघतील. मी विचारनार नाय. मी समोर बसलेली असनार."

हे बोलताना तिच्याकडे मला बघवलं नाही, मी चहाच्या कपाकडे बघत होते.

दारात चपला घालताना म्हणाली, "उद्या जाते घरी. मी हे ऐकलंय ते आईंना सांगू नका. त्यांना वाटू दे मी मशीनचं मानलं."

"नाही सांगणार," म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. माझा शब्द तिने आत्ताच चारदा ऐकला होता. लिफ्ट आली, गेली.

संध्याकाळी साडेसहाला आजींचा फोन. प्रणालीने लावून दिला असणार.

"वनिता आलती ना गो तुज्याकडं?"

"हो."

"सांगितलास तिला? मशीनीन बनवला म्हनून?"

"सांगितलं, आजी."

मग अगदी हळू, लहान पोरीसारखं, "आनि तिनी मानला?"

आवाज येत नाहीये नीट, उद्या करते फोन, असं म्हणून मी ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.